सहा आकडे येईपर्यंत

चंद्रपूरला शिकायला आल्यापासून आईचा फोन मला फक्त शुक्रवारी यायचा, आणि तोही माझी चौकशी करायला नसायचा. तिला माझ्याकडून सहा आकडे हवे असायचे.

हे नीट सांगायचं तर आधी आमच्या गटाबद्दल सांगावं लागेल. आमचं गाव धानोरा तालुक्यात, रस्ता सोडून आत जंगलात आहे. गावातल्या बायांचा गट हिरडा आणि बेहडा गोळा करतो, वाळवतो, निवडतो आणि नागपूरच्या एका चूर्ण बनवणाऱ्या कारखान्याला विकतो. आजूबाजूच्या गावांतल्या बायाही आपला माल गटाला देतात. माझी आई गटाची कोषाध्यक्ष आहे. ती चौथीपर्यंत शिकली आहे.

कारखाना माल पोचल्यावर दीड महिन्यानं पैसे देतो. पण दिवसभर जंगलात वाकून हिरडा वेचलेली बाई दीड महिना थांबू शकत नाही. तिला शुक्रवारच्या बाजाराला पैसे लागतात. म्हणून गटानं दुसरी सोय केली. कारखान्यानं बिल ऑनलाइन मान्य केलं की एक वित्त कंपनी त्या बिलावर बरीचशी रक्कम लगेच गटाच्या खात्यात टाकते आणि कारखान्याकडून आपले पैसे नंतर घेते. मधल्या दिवसांचं व्याज गट सोसतो. मग गटाच्या खात्यातून प्रत्येक बाईच्या खात्यात तिच्या मालाचे पैसे पाठवायचे. बाजारात अंगठ्याचं मशीन घेऊन एक माणूस बसतो, त्याच्याकडून बाया रोख काढून घेतात.

पैसे पाठवायला दोन माणसं लागत. अध्यक्षबाईंची सून शुक्रवारी सकाळी धानोऱ्याच्या सेवा केंद्रात बसून यादी भरायची. यादी भरणाऱ्यानंच मंजुरी द्यायची नाही, असा नियम. मंजुरी आईची. ती गटाच्या फोनवरून बटण दाबायची, मग सहा आकड्यांचा संदेश यायचा आणि ते सहा आकडे टाकले की पैसे जायचे.

तो संदेश माझ्या फोनवर यायचा. खातं उघडलं तेव्हा मी बारावीत होते. बाबांचा फोन त्यांच्याबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला होता, गटाचा फोन अजून घेतलेला नव्हता. फॉर्मवर नंबर तर लिहायचा होता. आईनं माझा सांगितला. पुढे मी बीकॉमला चंद्रपूरला आले आणि नंबरही माझ्याबरोबर आला. तो बदलायचं कधी कोणाच्या डोक्यात आलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं तर पहिल्याच दिवाळीत मी बँकेतून नंबर बदलायचा फॉर्म आणला होता. तो माझ्या अकाउंट्सच्या वहीत घडी घालून ठेवलेला होता.

कारण असं, की आई एरवी फोन करत नसे. फोन गटाचा, रिचार्ज गटाचा. गटाच्या फोनवर घरच्या गोष्टी करायच्या नाहीत हे तिनं स्वतःच बैठकीत सगळ्यांना सांगितलेलं. मग ती कशी करणार? मी केला तर फोन लागत नसे, कारण गावात रेंज नाही. रेंज फक्त गावामागच्या टेकडीवर, एका सपाट खडकावर येते. शुक्रवारी दुपारी आई त्या खडकावर चढायची, बटण दाबायची आणि मला फोन लावायची.

संदेश लगेच येत नसे. कधी एक मिनिट, कधी चार. तेवढ्या वेळात फोन चालूच असायचा. आई कामाशिवाय बोलत नाही, पण वाट पाहणं हेही कामच होतं, म्हणून त्या वेळात बोललेलं तिला चालत असावं. मी जेवले का, केस गळतात ते थांबले का, खोलीतली मुलगी अजून घोरते का, हे ती विचारायची. शेळीला करडं झाली, विहाराच्या ओट्याला नवीन फरशी बसली, हे सांगायची. संदेश आला की मी आकडे सांगायची आणि ती एका वाक्यात फोन ठेवायची. “बरं, ठेवतो.” आमच्याकडे बायाही असंच म्हणतात. हॉस्टेलमधल्या मुलींना हे ऐकून हसू यायचं.

फोन ठेवल्याशिवाय इंटरनेट चालत नसे, म्हणून आकडे लक्षात ठेवावे लागत. आईची त्यासाठी स्वतःची रीत होती. पोती मोजताना ती प्रत्येक पोत्यामागे एक हिरडा पदरात टाकते आणि शेवटी पदर मोजते. तिचा पदर कधी चुकला नाही. तसंच ती खडकावर हिरड्यांचे सहा ढीग मांडायची. चार म्हटलं की चार, सात म्हटलं की सात. मग फोन ठेवून डावीकडून एकेक ढीग मोजत आकडे टाकायची. अध्यक्षबाईंच्या घरी गोंडी बोलतात, त्यांच्या संगतीनं आईही ढीग मोजताना पुटपुटायची, उंदी, रंड, मुंद. फोनवर मला ते ऐकू यायचं.

अडचण शून्याची होती. शून्याच्या जागी ती पळसाचं पान ठेवायची. एकदा वाऱ्यानं पान उडालं, पाच ढीग उरले आणि पाच आकडे काही केल्या चालेनात. तिनं पुन्हा फोन केला. मला हसू आवरलं नाही.

“हसू नको,” ती म्हणाली. “शून्य कशानं ठेवाचं ते सांग. तुह्या कॉलेजात शिकवत असतीन.”

त्यानंतर ती शून्यासाठी आगकाडी ठेवू लागली.

कॉलेजात मात्र हे शिकवत नव्हते. दुसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर पुरवठा साखळीचं चित्र काढलं. डावीकडे ग्राहक, मग दुकान, मग कारखाना, आणि उजव्या टोकाला एक चौकोन, त्यात ‘पुरवठादार’. बिल मान्य झालं की वित्त कंपनी पैसे कसे देते ते सर सांगत होते आणि मला ते सगळं आधीच माहीत होतं. मला म्हणावंसं वाटलं, की सर, त्या चौकोनाच्या उजवीकडे अजून माणसं आहेत. एक खडक आहे. पण माझा हात वर झाला नाही. माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कोणता प्रश्न विचारण्यासारखा आणि कोणता नाही, हे मला अजून कळत नाही. फळ्यावरचं चित्र उतरवून घेताना मी वहीच्या कडेला तेवढा खडक काढून ठेवला.

चंद्रपुरात माझं वाईट चाललं होतं असं नाही. खिडकीत वाळत घातलेल्या ओढणीवर कोळशाची काळी भुकटी बसायची, तीही सवयीची झाली होती. पण संध्याकाळी मेसमधून परत येताना कोणीतरी “काऊन वं, जेवली का?” असं विचारावं, अगदी तशाच आवाजात, असं फार वाटायचं. शुक्रवार जवळ आला की मी फोन जपून वापरायची, बॅटरी संपू नये म्हणून.

त्या जानेवारीत संक्रांतीला हॉस्टेल रिकामं झालं. माझ्या अंतर्गत परीक्षेचा एक पेपर राहिला होता आणि एसटीचे जाण्यायेण्याचे पैसेही वाचवायचे होते, म्हणून मी थांबले. तीन दिवस मी कोणाशी धड बोलले नव्हते. शुक्रवारी तीनच्या सुमाराला आईचा फोन आला.

त्या शुक्रवारचं महत्त्व मला माहीत होतं. नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे तिथल्या लहान वस्तीतल्या, बायांनी त्या वर्षी पहिल्यांदा गटाला हिरडा दिला होता. त्याआधी त्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याला विकत. त्याचा काटा कमी तोलायचा, पण तो हातात रोख ठेवायचा. आई आणि अध्यक्षबाई दोनदा टोल्यावर जाऊन आल्या होत्या. शुक्रवारी बाजार उठायच्या आत पैसे तुमच्या खात्यात येतील, असा शब्द आईनं दिला होता. टोल्यावरच्या बाया त्या दिवशी बाजारात येणार होत्या, उरलेला माल डोक्यावर घेऊन. पहिले पैसे मिळाले की तोही गटाला देणार होत्या.

आईनं बटण दाबलं आणि मला फोन लावला. संदेश लगेच आला. कानाजवळ टिंग वाजलं. मी फोन खाली घेऊन पाहिलं, सहा आकडे दिसत होते.

आई सांगत होती, की धानाच्या बांधीतली लाखोळी यंदा गुडघ्याला लागली आहे. काल तिची भाजी केली, लसूण घालून. माझ्या वाटणीची खुडून वाळत टाकली आहे, येशील तेव्हा नेशील. मग तिनं विचारलं, “आला का?”

मी म्हटलं, “नाई अजून.”

मी हे ठरवून म्हटलं नाही. पण तोंडातून निघालं आणि निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही. तो आकडा दहा मिनिटं चालायचा, हे मला ठाऊक होतं. मनात म्हटलं, दोनच मिनिटं. आई शेळीच्या करडांबद्दल सांगू लागली. एक पांढरं करडू माझ्या जुन्या दप्तरात जाऊन बसतं म्हणे, काढलं की ओरडतं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मागं वारा होता आणि कुठल्यातरी पाखराचा आवाज. खोलीत इतकी शांतता होती की टेकडीवरचं सगळं मला नीट ऐकू येत होतं.

मग मी आकडे सांगितले. ती ढीग मांडत होती. आकड्यांत एक शून्य होतं, आगकाडी काढताना पेटी खडखडली. “बरं, ठेवतो,” म्हणून तिनं फोन ठेवला. मी घड्याळ पाहिलं तेव्हा मला कळलं.

आकडा बाद झाला होता. तिनं दुसऱ्यांदा मागवला, तो माझ्याकडे आलाच नाही. तिसऱ्या वेळेला खातं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद झालं. दुसरा दिवस बँकेच्या सुट्टीचा शनिवार, मग रविवार. पैसे सोमवारी गेले.

पुढच्या शुक्रवारी आईनं फोनवर इतकंच सांगितलं, की टोल्यावरच्या बाया बाजारात अंगठा लावून लावून परत गेल्या, जाताना डोक्यावरचा माल त्या व्यापाऱ्याला देऊन गेल्या. “सर्वर नव्हता,” ती म्हणाली. मी म्हटलं, “हो, इथीबी स्लो होतं.”

महिन्याच्या शेवटी जोडून सुट्टी आली तेव्हा मी घरी गेले. मूल आणि सावली ही गावं, मग वैनगंगेचा पूल, गडचिरोली, तिथून धानोऱ्याची गाडी. एरवी पुलावर आले की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहाराच्या ओट्यावर गटाची बैठक होती. मी आईच्या मागे भिंतीला टेकून बसले. विषय टोल्याचा होता. त्या हंगामात टोल्यावरून पुन्हा एक पोतंही आलं नव्हतं, आणि कारखान्याला कबूल केलेला माल कमी पडत होता.

आईनं सर्वरचं सांगितलं. अध्यक्षबाईंनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्यात घेतला. “सर्वर म्हणते, सर्वर. कोण आहे तो? एक डाव बैठकीत तरी बोलवा त्याले.”

बाया हसल्या. आईही थोडी हसली. पण मागून एक बाई म्हणाली, “हिरडे मांडून कुठी बँक चालते का, बाई? आकडा चुकला असन.” त्यावर कोणी हसलं नाही. कोणीतरी पान उडाल्याची जुनी गोष्ट काढली. दुसऱ्या कोणी म्हणालं, की कोषाध्यक्ष शिकलेली असली पाहिजे आता, जमाना तसा नाही. एका दहावी झालेल्या बाईचं नावही निघालं. त्यात वाईट बोलणं नव्हतं. सगळ्या आईला मानतात. पण आई फरशीवर बोटानं रेघ ओढत होती. पोती मोजताना जिचा पदर कधी चुकला नाही, तिचा आकडा चुकला असं गावात ठरत होतं.

मला उभं राहायला किती वेळ लागला ते माहीत नाही. शेवटी भिंत सोडून उभी राहिले.

“आकडा बरोबर होता,” मी म्हटलं. “लगेच आला होता. मीच उशिरा सांगितला.”

“काऊन?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“आई बोलून राह्यली होती.”

मला वाटलं कोणी रागावेल. कोणी रागावलं नाही, तेच जड गेलं. ज्या बाईनं हिरड्यांचं काढलं होतं ती माझ्याकडे पाहत राहिली. तिची मुलगी नागपूरला कुणाच्या घरी कामाला आहे.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “मंग आमाले सांगून काय होते? टोल्यावर जा. त्यायले सांग.” आणि आईकडे वळून, “तूबी जा. पोरगी आहे तुही.” कोषाध्यक्ष बदलायचा विषय तिथंच राहिला. नंबर मात्र लगेच बदलायचा असं ठरलं.

दुपारी आम्ही दोघी नाला ओलांडून टोल्यावर गेलो. तिथली एक म्हातारी बाई बाकीच्यांच्या वतीनं बोलते. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. तिनं आम्हाला पाणी दिलं, मी जे सांगितलं ते सगळं ऐकलं, मध्ये एकदाही सूप थांबवलं नाही. मग म्हणाली, “पैसा सोमवारी आला, बाई. मीठ शुक्रवारी पाह्यजे होतं.”

मी मान खाली घातली.

“त्याचा काटा खोटा आहे, आमाले काय मालूम नाई?” ती व्यापाऱ्याबद्दल बोलत होती. “पण त्याचा पैसा दिसते. तुमचा फोनात असते. फोन कोणाच्या हातात आहे ते आमी कसं पाहाचं?”

आईनं तिला पुन्हा गटाला माल द्या असं म्हटलं नाही. यंदा माल कुठं जास्त लागला, पाऊस कसा झाला, एवढंच विचारलं. निघताना म्हातारी म्हणाली, की पुढच्या हंगामाचं पुढच्या हंगामात पाहू. तिनं आईच्या पदरात मूठभर बोरं टाकली.

परतताना नाल्यात पाणी घोट्याएवढंच होतं. आई पुढं चालत होती. दोन्ही चपला एका हातात धरून पाण्यातून जाताना तिनं मागं न पाहता म्हटलं, “टिंग वाजला होता.”

“कवा?”

“लाखोळीचं सांगून राह्यली होतो तवा. मले आयकू आलं.”

मी पाण्यातच थांबले. “मंग तू बोलली काऊन नाई?”

“विचारलं नं. दोन डाव विचारलं.” ती काठावर चढली, चपला खाली टाकल्या, त्यात पाय घातले. मी वर येईपर्यंत थांबली. “तू नाई म्हटलं. मलेबी बोलाचंच होतं.”

एवढंच. पुढं आम्ही या गोष्टीवर बोललो नाही. गाव येईपर्यंत ती बोरं खात होती आणि एकेक मला मागं देत होती.

बँक उघडली त्या दिवशी आम्ही धानोऱ्याला गेलो. घडी घातलेला फॉर्म मी वहीतून काढला. घडीवर तो फाटायला आला होता, पण चालला. जुन्या नंबरच्या रकान्यात मी माझा लिहिला, नव्या नंबरच्या रकान्यात गटाच्या फोनचा. आईनं सही केली. ती सही करताना प्रत्येक अक्षरानंतर पेन उचलते. फॉर्मच्या खाली आणखी एक रकाना होता. व्यवहार झाल्यावर माहितीचा संदेश दुसऱ्या कोणाला पाठवायचा असेल तर त्याचा नंबर. तो भरला नाही तरी चालतो, असं खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. मी पेन खाली ठेवलं होतं. आईनं त्या रकान्यावर बोट ठेवलं.

“इथी तुहा लिव,” ती म्हणाली.

गटाचं काम आहे, असं मी म्हटलं. तिनं बोट काढलं नाही. संदेशाला रिचार्ज लागत नाही, हे तिनं खिडकीत आधीच विचारून घेतलं होतं.

आता शुक्रवारी फोन वाजत नाही. पहिले काही आठवडे मी तीन वाजता हातातलं काम ठेवून बसायची. कधी वर्ग चालू असला तर बाकाखाली फोन धरून. मग एक संदेश येतो, इंग्रजीत, आकडे नसलेला, इतकाच की व्यवहार पूर्ण झाला. त्यात वेळ असते. परवा तीन वाजून बावन्न मिनिटं होती. म्हणजे आई तेव्हा खडकावर होती. आकडे आता तिच्याच फोनवर येतात, पण दुसरं पान उघडलं की पहिलं दिसत नाही, म्हणून ढीग ती अजूनही मांडते, हे मी गेल्या खेपेला पाहिलं. चारच्या आसपास ती हिरडे पदरात भरून घेत असेल, आगकाडी पेटीत परत ठेवत असेल. खाली उतरायला तिला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी दुसरं काही वाचत नाही.

टोल्यावरचा माल अजून आलेला नाही. पुढचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. तेव्हा शुक्रवारच्या यादीत त्यांची नावं असतील की नाही, हे त्या संदेशात लिहून येणार नाही. ते विचारायला मला घरी जावं लागेल.